अक्रोडाची मूठ

पिस्तूल घरी आलं त्या संध्याकाळी बाबांनी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मूठ उलटीपालटी केली, अंगठ्याचं नख लाकडाच्या रेषांवरून आडवं फिरवलं आणि विचारलं, "लाकूड कुठलं गं हे?"

"अक्रोड, बाबा."

"अक्रोड." त्यांनी मूठ नाकाशी नेली. सागवान, शिसव, बाभूळ, आंबा यांच्या भुशात चाळीस वर्षं काढलेला माणूस. पण अक्रोड त्यांच्या पटाशीखाली कधी आलं नव्हतं. "कापायचंय का हे?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"आधी हात दे बघू."

आमच्या कोल्हापुरात नेमबाजीचं नाव निघालं की लोक लगेच यादी म्हणून दाखवतात. २०१० साली म्युनिकला जागतिक विजेती झालेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेणारी राही सरनोबत, आणि आता राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं आणि त्यानंतर रेंजवर येणाऱ्या पालकांची वर्दळ वाढली. स्वप्निल रायफलवाला, पण पालकांचा ओढा पिस्तुलाकडे जास्त. त्याला एक कारण मनू भाकरची दोन पदकं, आणि दुसरं कारण खर्च. रायफल घेतली की जाड जाकीट, पँट, बूट, हातमोजा हे सगळं ओघानं येतं. पिस्तुलाला तसं काही लागत नाही. मग ते विचारतात, "मॅडम, सरावापुरतं स्वस्तातलं कुठलं घेऊ?"

मी प्रशिक्षक नाही. एका पतसंस्थेत कॅशियर आहे, एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा १० मीटरचं, हवेच्या दाबावर छर्रा मारणारं पिस्तूल हातात धरलं, आणि आठवड्यातून चार दिवस रेंजवर असते. पण हा प्रश्न मी स्वतः दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरले आहे. दोन लेनमधल्या अर्ध्या मिनिटात त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

"सरावापुरतं" हा शब्दच मला खटकतो. सरावाचं पिस्तूल वेगळं आणि स्पर्धेचं वेगळं, असं या खेळात नसतं. हाताला तुम्ही जे द्याल तेच हात शिकतो. वर्षभर जड, खरखरीत ट्रिगर ओढत राहिलात तर बोट तो हिसका शिकून ठेवतं, आणि पुढे चांगलं पिस्तूल मिळालं तरी बोट सहा महिने जुन्या सवयीनंच चालतं. दुकानाच्या काचेमागे आठ-दहा हजारांचं स्प्रिंगचं पिस्तूल मिळतं. दिसायला दणकट असतं आणि पोरांना आवडतं. घोडं पेंड खातं ते आतल्या यंत्रणेपाशी. ट्रिगर दाबल्यावर आत एक जड दट्ट्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे धावतो आणि तो थांबेपर्यंत अख्खं पिस्तूल हातात हलतं. छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे तुम्ही नेम कितीही नीट धरलात तरी शेवटचा धक्का पिस्तूलच देतं. शिवाय अशा पिस्तुलानं रिकामी फायर करता येत नाही. नळीत छर्रा नसेल तर दट्ट्यापुढे अडसर राहत नाही, तो जाऊन आदळतो आणि सील फाटतं. आणि आमचा निम्म्याहून जास्त सराव तर रिकाम्या फायरचाच असतो. भिंतीकडे तोंड करून, छर्‍याविना, रोज अर्धा तास. ज्या पिस्तुलानं ते करता येत नाही ते फुकट मिळालं तरी मला महाग वाटेल.

गॅसच्या छोट्या कॅप्सूलवर चालणारी, हुबेहूब पोलिसांच्या पिस्तुलासारखी दिसणारी आणि पोलादी गोळ्या मारणारी खेळणीही लोक घेऊन येतात. त्यांच्याबद्दल एवढंच सांगते, की पोलादी गोळी उलटून परत येते. रेंजवर ती कोणी काढू देत नाही आणि घरीही काढू नये.

आता थोडा हिशोब, कारण माझा प्रश्न हिशोबानंच सुटला. १० मीटरवरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. आपल्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही बरंच लहान. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. आता समजा माझा अख्खा हात, पिस्तुलासकट, सरळच्या सरळ ५ मिलिमीटर डावीकडे सरकला. छर्राही ५ मिलिमीटर डावीकडे जाईल, म्हणजे तरीही दहाच. पण पुढची साइट, म्हणजे नेम धरायची नळीच्या टोकावरची खूण, मागच्या साइटच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली तर? दोन्ही साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. १ मिलिमीटरचे तिथं ३० मिलिमीटर होतात. छर्रा सातवर.

हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसले. हाताच्या थरथरीला मी उगाच घाबरत होते. थरथर सगळ्यांनाच असते. नुकसान होतं ते मनगट वळल्यानं आणि ट्रिगर ओढताना पिस्तुलाचं नाक हलल्यानं. आणि या दोन्ही गोष्टी पिस्तुलाच्या दोनच भागांवर अवलंबून असतात, मूठ आणि ट्रिगर. नळी? वीस वर्षं जुन्या, पण स्पर्धेसाठी बनवलेल्या पिस्तुलाची नळी शिकंज्यात आवळून झाडली तर १० मीटरवर छर्‍यामागून छर्रा जवळजवळ एकाच भोकातून काढते. आपल्यासारख्यांचे गुण नळीमुळे जात नाहीत.

पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा युसुफ दिकेच एक हात खिशात घालून उभा राहिला आणि मिश्र गटात रौप्यपदक घेऊन गेला, ते छायाचित्र सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. लोक मला म्हणाले, बघा, काही लागत नाही. डोळ्यांवर झापडा लावलेला नेमबाजीचा खास चष्मा लागत नाही हे खरं. पण त्याच्या हातात पिस्तूल स्पर्धेचंच होतं. आणि मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून तर आम्ही सगळेच उभे राहतो, नाहीतर तो हात लोंबकळतो आणि खांदा ओढतो.

मी शिकले ते क्लबच्या जुन्या रशियन पिस्तुलावर. इझेव्हस्कच्या कारखान्यातलं, आयझेडएच-४६. नळीखालचा लांब दांडा पुढे ओढायचा आणि परत मिटवायचा, की एका फायरपुरती हवा आत दाबली जाते. दर वेळी तेवढाच दांडा, तेवढीच हवा, म्हणून छर्‍याचा वेगही तेवढाच. सिलिंडर नाही, पंप नाही, मुदत नाही. पण एका मॅचला ६० फायर आणि वेळ ७५ मिनिटं. साठ वेळा तो दांडा ओढायचा म्हणजे चाळिसाव्या फायरनंतर माझा दंड भरून यायचा, आणि त्याच दंडानं पुन्हा किलोभराहून जड पिस्तूल सरळ धरायचं. मूठही ओबडधोबड, कोणा मोठ्या पंजाच्या माणसासाठी कोरलेली. तरीही त्या पिस्तुलाचा ट्रिगर मला अजून आठवतो. पहिला टप्पा मऊ, मग एक बारीकशी भिंत, मग काच तडकावी तसा सुटणारा. त्यानं माझ्या बोटाला खोटं काही शिकवलं नाही. असं एखादं नीट अवस्थेतलं कोणाकडे मिळत असेल तर मी आजही नव्या मुलाला तेच घ्यायला सांगेन.

पण मला स्वतःचं हवं होतं. क्लबचं पिस्तूल चौघांत एक, आणि चौघांच्या चार मुठी.

नवीन ऑस्ट्रियन, स्विस, जर्मन पिस्तुलांच्या किमती दीड-दोन लाखांच्या पुढे. मोरिनी, स्टायर, फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, इटालियन पार्डिनी ही नावं रेंजवरची पोरं क्रिकेटपटूंची नावं घ्यावीत तशी घेतात. माझ्या पगारात ते बसत नव्हतं, म्हणून जुनं बघायचं ठरवलं. इथे मी एकदा सपाटून मार खाल्ला.

दुसऱ्या शहरातल्या एकाकडे पिस्तूल होतं. फोटोत नव्यासारखं चकचकीत, एकही ओरखडा नाही. मी दहा हजार आगाऊ पाठवले आणि रविवारी एसटीनं बघायला गेले. पिस्तूल खरंच सुंदर होतं. माझ्यासोबत रेंजवरची एक कॉलेजातली मुलगी आली होती. तिनं काही न बोलता सिलिंडर फिरवून काढलं, खिडकीच्या उजेडाकडे नेलं आणि त्याच्यावर कोरलेली तारीख मला वाचायला दिली. या सिलिंडरांत २०० बार दाबानं हवा भरतात. गाडीच्या चाकात असते तिच्या जवळजवळ शंभरपट दाब. म्हणून त्यांना मुदत असते, बनवल्यापासून दहा वर्षं, आणि मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेला उभं राहता येत नाही. या सिलिंडरची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. नवीन सिलिंडरची किंमत विचारली तेव्हा ती माझ्या अर्ध्या पगारापेक्षा जास्त निघाली. विकणाऱ्याला ही तारीख ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. दहा हजार परत आले नाहीत. येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले, आणि ती पोर गप्प बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

म्हणून सांगते, जुनं पिस्तूल घेताना आधी सिलिंडरची तारीख वाचा आणि मग बाकीच्या रूपाकडे बघा. सिलिंडर भरून पिस्तूल रात्रभर तसंच ठेवायला सांगा आणि सकाळी दाबाचा काटा पाहा. काटा खाली आला असेल तर कुठेतरी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, गेली आहे. ओ-रिंग स्वस्त असते, पण ती नेमकी कोणती हे शोधून बदलणारा माणूस जवळ आहे का, ते विचारून घ्या. छर्‍याविना फायर करायची सोय चालू आहे का ते बघा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर त्याचे सुटे भाग कुठून आणणार याचा विचार करा. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्यामागे अख्खी यंत्रणा उभी होती. आपल्यामागे कोण आहे? मी यांत्रिक ट्रिगरचंच घ्यायचं ठरवलं. त्याचे स्क्रू मला स्वतःला दिसतात.

शेवटी मिळालं ते पुण्यात. बालेवाडीला सराव करून आता परदेशी शिकायला निघालेल्या एका मुलीचं, अकरा वर्षं जुनं, ऑस्ट्रियन. सिलिंडर दोन वर्षांपूर्वी बदललेलं. ७८ हजार. परवान्याचं विचाराल तर ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या हत्याराला आपल्याकडे परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरनं सोडणारं हे पिस्तूल सहा ज्यूलच्याही आतच राहतं. पण म्हणून ते खेळणं होत नाही. डोळा फोडायला तेवढी ताकद पुरते. आमच्या घरात ते पेटीतून बाहेर येताना नळीत केशरी सुरक्षा-दोरी असलीच पाहिजे, आणि त्याचं तोंड माणसाकडे कधीही वळता कामा नये. बाबांच्या हातात दिलं तेव्हाही सिलिंडर काढून, दोरी घालूनच दिलं होतं.

मूठ मध्यम मापाची होती. माझा पंजा लहान आहे. रेंजवर एक परीक्षा शिकवतात. डोळे मिटून पिस्तूल टार्गेटच्या उंचीला उचलायचं, श्वास सोडायचा, आणि मग डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध दिसली तर मूठ तुमची. मला ती दर वेळी उजव्या भिंतीला चिकटलेली दिसायची, कारण तळव्याच्या खळग्यात लाकूड जास्त होतं आणि ते मनगट बाहेर ढकलत होतं.

बाबांनी माझ्या तळहाताला कोळशाची पूड चोळली आणि मूठ घट्ट धरायला लावली. सोडल्यावर जिथं काळं उमटलं तिथं लाकूड टोचत होतं. तेवढंच त्यांनी अर्धगोल कानशीनं घासलं. तीन-चार हात मारले की थांबायचे. "धर." मी धरायची. "डोळं मीट. उचल. आता उघड." परत कोळसा, परत कानस. खाली एक स्टीलची ताटली ठेवली होती आणि अक्रोडाचा तांबूस करडा भुसा ते ब्रशनं गोळा करून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरत होते. मला वाटलं स्वच्छतेसाठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच भुसा अरल्डाइटमध्ये कालवला आणि अंगठ्याखाली जिथं पोकळी राहत होती तिथं भरला. "दुसऱ्या लाकडाचा भुसा घातला तर रंग येगळा दिसतोय," म्हणाले, "आणि घाम लागला की सुटतंय. ह्येचं ह्येलाच लावायचं."

सहा रविवार गेले यात. पाचव्या रविवारी मी मूठ रेंजवर नेली तेव्हा एका ज्येष्ठ खेळाडूनं हात लावून मान हलवली. तळव्याच्या खाली टेकूची फळी असते, तिच्या कडा बाबांनी हाताला धरून राहाव्यात म्हणून जराशा वर वळवल्या होत्या. कुर्‍हाडीच्या दांड्याला देतात तशा मायेनं. हात त्यात इतका छान बसत होता की मी खूश होते. पण नियमाला ते चालत नाही. फळी वर वळता कामा नये, मनगटाला आधार मिळता कामा नये, आणि पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. घरी येऊन बाबांना हे सांगताना माझी जीभ जड झाली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पेटीचं माप आतलं की भाइरलं?"

"आतलं."

त्यांनी प्लायवूडची पेटी केली, आतून नेमक्या त्या मापाची. ती अजून आमच्याकडे आहे, आणि रेंजवरची चार-पाच मुलं स्पर्धेच्या आदल्या दिवशी आपापली पिस्तुलं त्यात घालून बघायला येतात. मग त्यांनी फळीच्या दोन्ही कडा सपाट केल्या. पाच रविवारांची मेहनत पटाशीच्या दोन फटक्यांत गेली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी आत चहा टाकायला गेले.

ट्रिगरची गंमत त्यांना फार आवडली. नियमानं ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा हवा. पिस्तूल नळी वर करून उभं धरतात, ट्रिगरला वजन लटकवतात आणि उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. बाबांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून अर्धा किलोचं जुनं लोखंडी माप मागून आणलं आणि त्याला तारेचा आकडा केला. पहिल्यांदा टांगलं तर ट्रिगर टक्कन सुटला. एक स्क्रू पाव फेरा आवळला. परत टांगलं. सुटला. अजून थोडा. तिसऱ्यांदा माप हवेत तरंगत राहिलं आणि आम्ही दोघं श्वास धरून त्याच्याकडे बघत राहिलो. "ह्येच्यापेक्षा हलकं नको करू," बाबा म्हणाले. तारेचंही वजन असतंच, त्यामुळे स्पर्धेतल्या तपासणीत नेमक्या ५०० ला ते कधी सुटलं नाही.

पैशांचं उरलेलं गणित सोपं आहे. पाचशे छर्‍यांचा डबा रोज साठ फायर केल्या तर आठ दिवसांत संपतो. रोज साठ करण्याची ऐपत माझी नाही. मी आठवड्यातून दोनदा छर्रे घालते, तेही सरावाचे, आणि बाकीचे दिवस रिकामी. सपाट तोंडाचे चांगले स्पर्धेचे छर्रे मी फक्त जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धेआधी काढते. ज्यांनी सगळे पैसे पिस्तुलात घातले आणि छर्‍यांना काही उरलं नाही, अशी दोन मुलं मी पाहिली आहेत. त्यांची नवी कोरी पिस्तुलं कपाटात आहेत.

तर मुलाला घेऊन येणाऱ्या आईबापांना मी आता सांगते, सहा महिने क्लबचं वापरा. तोवर हात कळेल. मग जुनं बघा, सिलिंडरची तारीख वाचा, आणि मुलाला सोबत घेऊन जा. डोळे मिटून उचलायला लावा. मूठ थोडी मोठी असली तर घ्या, कारण लाकूड कमी करता येतं. लहान असली तर विचार करा.

गेल्या एप्रिलच्या उकाड्यात अंगठ्याखालच्या त्या भरावाला केसाएवढी भेग पडली. बोट फिरवलं की लागते. मी लगेच बाबांकडे नेली. त्यांनी भेगेवर नख फिरवलं आणि मूठ परत दिली. म्हणाले, लाकूड वाळलंय, भराव नाही सुटलेला. पाऊस पडू दे, हवा दमट झाली की लाकूड फुगेल आणि भेग आपोआप मिटेल. आत्ता काही भरलं तर पावसाळ्यात तिथं उंचवटा येईल.

आज मृगाचा दुसरा दिवस. सकाळी बोट फिरवून पाहिलं, भेग अजून लागते. बाबा ओट्यावर बसून ढगांकडे बघताहेत.